ममी झाकून ठेवा, नाव मोठ्याने वाचा

२००८ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर संग्रहालयाने आपल्याकडच्या काही इजिप्शियन ममी पांढऱ्या कापडाने पूर्ण झाकून टाकल्या. मृतांचा मान राखावा, हा त्यामागचा विचार. ममी पाहायला आलेल्या लोकांना कापड पाहून परत जावं लागलं, तक्रारींचा पाऊस पडला आणि काही महिन्यांतच संग्रहालयाने माघार घेतली. वाद मात्र तेव्हापासून वाढतच गेला आहे. २०२४ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संग्रहालयाने ममींचे सुटे अवयव प्रदर्शनातून काढून घेतले. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या खासदारांच्या एका गटाने मानवी अवशेषांच्या संमतीविना प्रदर्शनावर बंदी घालण्याची शिफारस केली.

या वादात साधारण दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, ही माणसं आहेत, त्यांना काचेत ठेवणं अपमानास्पद आहे. दुसरा म्हणतो, तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा अपमान कसला, आणि लोकांनी इतिहास शिकायचा कुठे? दोघेही बोलतात ते आजच्या नीतीची किंवा आजच्या गरजेची भाषा. ज्यांचे हे देह आहेत त्यांचं मत काय होतं, हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. खरं तर त्यांनी ते मत दगडात बांधून ठेवलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ते वाचावं आणि पाळावं.

पिरॅमिडांच्या काळात सक्कारा आणि गिझा इथे अधिकाऱ्यांसाठी जी थडगी बांधली गेली, त्यांचे दोन भाग असत. वर, जमिनीलगत, अर्पणाचं दालन. भिंतींवर नांगरणी, मासेमारी, गुरांची मोजदाद यांची रंगवलेली शिल्पं, एका भिंतीत दगडात कोरलेला आभासी दरवाजा आणि त्याच्यासमोर नैवेद्य ठेवण्याचा दगड. या दालनात मुलंनातवंडं येत, पुजारी येत, अनोळखी वाटसरूही येत. दुसरा भाग खाली. कित्येक मीटर खोल उभा खड्डा, त्याच्या तळाशी कोठडी आणि कोठडीत शवपेटी. अंत्यविधी आटोपला की हा खड्डा दगडमातीने भरून टाकत. पुढच्या काळात थेब्जच्या डोंगरात कोरलेल्या थडग्यांतही हीच रचना टिकली. वरच्या दालनात दरवर्षी दरीच्या उत्सवाला कुटुंबं जमत, खात-पीत, फुलं वाहत. खालची कोठडी बंद ती बंदच. राजांच्या बाबतीत तर दोन्ही भाग एकमेकांपासून मैलभर दूर गेले. मंदिर नाईलकाठच्या सपाटीवर, सगळ्यांना दिसेल असं, आणि थडगं डोंगरामागच्या दरीत, कुणाला कळू नये असं. थटमोस पहिल्याचं थडगं खोदून घेणारा अधिकारी इनेनी स्वतःच्या थडग्यातल्या लेखात अभिमानाने सांगतो की हे काम आपण एकट्याने पार पाडलं, ना कुणी पाहिलं, ना कुणी ऐकलं.

म्हणजे सगळ्यांनी यावं आणि पाहावं अशी एक जागा होती आणि कुणीही पाहू नये अशी दुसरी. या दोहोंतली रेघ इजिप्शियनांनीच आखली होती.

वरच्या दालनात काय असे, ते पाहिलं की ही रेघ अधिक ठळक होते. तिथे मृताचा पुतळा असे. सक्कारातल्या जोसेर राजाच्या पायरी-पिरॅमिडाला लागून एक छोटी बंद दगडी खोली आहे. तिच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर दोन भोकं पाडलेली आहेत आणि आत बसलेला राजाचा पुतळा त्या भोकांतून बाहेर पाहतो. मूळ पुतळा आता कैरोच्या संग्रहालयात आहे, त्याच्या जागी प्रतिकृती बसवली आहे. पुढे मध्य राज्याच्या काळातल्या लाकडी शवपेट्यांवर बाहेरच्या बाजूला दोन मोठे डोळे रंगवत. देह आत डाव्या कुशीवर, पूर्वेकडे तोंड करून, त्या डोळ्यांमागे ठेवलेला असे, म्हणजे मृताला उगवता सूर्य दिसावा. सगळी व्यवस्था मृताने बाहेर पाहावं यासाठीची आहे. बाहेरच्याने आत पाहावं यासाठी एकही फट ठेवलेली नाही.

आणि दालनात शब्द असत. दारावर, भिंतीवर, शिलालेखावर मृत माणूस येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो: पृथ्वीवर जिवंत असणाऱ्यांनो, या थडग्यावरून जाणाऱ्यांनो, माझ्यासाठी म्हणा, हजार भाकऱ्या, हजार घडे बिअर, हजार बैल, हजार पक्षी, अलाबास्टरची हजार भांडी, हजार वस्त्रं. काही लेखांत पुढे विनवणी येते की हे म्हणायला तुम्हाला काही खर्च नाही, हा नुसता तोंडचा श्वास आहे. ही ओळ मला प्राचीन जगातल्या सर्वांत हृद्य ओळींपैकी एक वाटते. ज्याच्यापाशी भाकरी नाही, त्यानेही नुसतं उच्चारावं. शब्दाने अन्न पोचतं, नाव घेतल्याने माणूस जगतो, अशी ती श्रद्धा होती. म्हणून एखाद्याला कायमचं संपवायचं असेल तर त्याचं नाव दगडावरून छिन्नीने खरवडून काढत. राणी हत्शेपसुतच्या नावाचं आणि नंतर राजा अखेनातेनच्या नावाचं तेच केलं गेलं.

मग देह इतक्या कष्टाने जपायचा कशासाठी? माणसाचे अनेक अंश असतात असं ते मानत. 'का' म्हणजे जीवनशक्ती, तिला अन्न लागतं. 'बा' म्हणजे माणसाचं डोकं असलेला पक्षी, तो दिवसा बाहेर हिंडतो आणि रात्री देहाकडे परततो. परतायला जागा हवी, म्हणून देह. सत्तर दिवसांचा विधी असे. डाव्या कुशीत छेद देऊन यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी काढत आणि चार कलशांत, होरस देवाच्या चार पुत्रांच्या राखणीत ठेवत. मेंदू नाकावाटे काढून टाकत. हृदय मात्र जागेवर ठेवत, कारण मृतांचा देव ओसायरिस याच्यासमोर सत्याच्या पिसाबरोबर तेच तोललं जायचं. देह नॅट्रॉन नावाच्या नैसर्गिक खारात सुमारे चाळीस दिवस सुकवत, मग तेलं, राळ आणि लिननच्या पट्ट्या. सक्काऱ्यात २०१६ साली सापडलेल्या लेपन-कार्यशाळेतल्या भांड्यांवर आत काय भरायचं तेही लिहिलेलं होतं. २०२३ मध्ये त्यांचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यात आशियातल्या विषुववृत्तीय जंगलांतली राळ निघाली. मेलेल्या माणसाचं अंग पुसायला राळ आणायची ती समुद्रापारहून.

हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात लेपनाचे तीन दर नोंदवले आहेत, श्रीमंतांचा, मधल्यांचा आणि गरिबांचा. अखेनातेनच्या राजधानीत, अमार्नात, सामान्य लोकांची जी दफनभूमी उत्खननात उघडी पडली, तिथे बहुतेकांना चटईत गुंडाळून वाळूत पुरलेलं आढळलं. ममी म्हणजे सगळा इजिप्त नव्हे. पण पट्ट्या असोत की चटई, देह झाकून मातीआड करणं दोघांनाही समान होतं.

चेहऱ्याचा प्रश्नही त्यांनी सोडवलेला होता. पट्ट्यांवर मुखवटा चढवत आणि तोच मृताचा यापुढचा चेहरा. तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याच्या पाठीवर एक मंत्र कोरलेला आहे. त्यात मुखवट्यालाच उद्देशून म्हटलं आहे की तुझा उजवा डोळा म्हणजे सूर्याची रात्रीची नौका, डावा डोळा दिवसाची. जगासमोर जायचं ते या चेहऱ्याने. १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं थडगं शोधणारा हॉवर्ड कार्टर आणि शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांनी राळेत घट्ट चिकटलेला हा मुखवटा तापवलेल्या सुऱ्यांनी सोडवला. त्या खटाटोपात डोकं धडापासून अलग झालं, हातपाय सांध्यांत कापले गेले. २००७ पासून त्या राजाचा उघडा चेहरा त्याच्या थडग्यात काचपेटीत दिसतो. मुखवटा कैरोलगतच्या गिझात, चेहरा लक्सरमध्ये. त्याच्या लोकांनी जे दाखवायला बनवलं ते आपण पाहतोच. जे झाकायला इतकी मेहनत घेतली तेही पाहायचा हट्ट आपण का धरतो?

यावर उत्तर मिळतं की प्राचीन इजिप्शियनांनीच थडगी लुटली. खरं आहे. रामसेस नवव्याच्या काळातल्या चौकशीचे पपायरस उपलब्ध आहेत. त्यात अमेनपानुफेर नावाचा पाथरवट कबुली देतो की त्याने साथीदारांसह सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं आणि सोनं काढून शवपेट्या जाळल्या. पण ही कबुली गुन्ह्याच्या तपासात दिलेली आहे. त्या समाजाचं मत पाहायचं तर लुटीनंतर काय केलं ते पाहावं. एकविसाव्या राजवंशाच्या काळात पुजाऱ्यांनी लुटल्या गेलेल्या राजांचे देह गोळा केले, पुन्हा कापडात गुंडाळले, कापडावर आणि पेट्यांवर शाईने नावं लिहिली आणि देर अल-बहारीच्या कड्यातल्या एका खोल थडग्यात लपवले. उरलंसुरलं सोनं त्यांनीही काढून घेतलं, हे नाकारता येणार नाही. तरीही त्यांना दोन गोष्टी आवश्यक वाटल्या, देह झाकणं आणि नाव लिहिणं. १८८१ मध्ये ते देह बाहेर काढून बोटीने कैरोला नेताना नाईलच्या काठावर गावोगावच्या बायकांनी प्रेतयात्रेत घालतात तसा आक्रोश केला. मग १ जून १८८६ रोजी इजिप्तचा शासक खेदिव तौफिक याच्या हजेरीत पुरातत्त्वज्ञ गास्तों मास्पेरोने रामसेस दुसऱ्याची आवरणं उतरवली, त्या कामाला पाव तासही लागला नाही.

युरोपने ममींचं आणखी काय काय केलं ते फार घोळवत नाही. शतकानुशतकं त्यांची पूड औषध म्हणून विकली गेली, चित्रकारांचा तपकिरी रंग त्यांच्यापासून बनला, लंडनमध्ये १८३० च्या दशकात थॉमस पेटिग्र्यूने तिकीट लावून ममी सोडून दाखवल्या, मांजरांच्या ममी टनावारी लिव्हरपूलला खतासाठी गेल्या. आजचं संग्रहालय यापेक्षा कितीतरी सभ्य आहे. पण काचपेटीतला उघडा चेहरा त्याच परंपरेतून आलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

आता गंभीर आक्षेपांकडे वळतो. पहिला विज्ञानाचा. ममींच्या अभ्यासातून प्राचीन रोग, आहार, वय, शस्त्रक्रिया यांबद्दल अमोल माहिती मिळाली आहे आणि मिळत राहावी. पण त्यासाठी पट्ट्या सोडण्याची गरज आता उरलेली नाही. अमेनहोटेप पहिल्याची ममी आधुनिक काळात कधीच उघडली गेली नव्हती. २०२१ च्या अखेरीस सहर सलीम आणि झाही हवास यांनी सीटी स्कॅनवरून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. राजा सुमारे पस्तिसाव्या वर्षी वारला, उंची १६९ सेंटीमीटर, अंगावर तीस ताईत आणि सोन्याचा कमरपट्टा. हे सगळं फुलांच्या माळांसकट आवरण जसंच्या तसं ठेवून कळलं. मुंबईकरांनी तर हे स्वतः अनुभवलं आहे. २०१२-१३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं प्रदर्शन आलं होतं, कर्नाकमधला पुजारी नेस्पेरेन्नुब याचं. त्याचं रंगवलेलं आवरण कधीही उघडलेलं नाही. स्कॅनवरून केलेल्या थ्रीडी चित्रफितीत प्रेक्षक आत शिरत होते आणि त्याच्या डोक्याला चिकटलेलं मातीचं भांडंही पाहत होते. लेप करणाऱ्यांच्या हातून राळेत चिकटून ते तसंच राहून गेलेलं. सत्तावीसशे-अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांची ही चूक पाहून ती माणसं जितकी जवळची वाटतात, तितकी उघडी हाडं पाहून वाटत नाहीत.

दुसरा आक्षेप इजिप्तचा. ३ एप्रिल २०२१ रोजी इजिप्तने २२ राजेराण्यांच्या ममी कैरोच्या तहरीर चौकातून फुस्तातच्या नव्या राष्ट्रीय संग्रहालयात वाजतगाजत नेल्या आणि तिथे त्या पाहता येतात. मग आपण कोण जास्त शहाणे? इजिप्तला आपल्या पूर्वजांबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार आहे, तो मी मानतो. पण तिथेही हा प्रश्न सुटलेला नव्हता आणि नाही. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी राजांच्या ममींचं दालन बंद करवलं होतं, ते १९९४ मध्ये पुन्हा उघडलं. नव्या संग्रहालयातलं दालन थडग्यासारखं अंधारं आहे आणि तिथे छायाचित्रं काढायला मनाई आहे. शिवाय इजिप्तने स्वतःच्या राजांबद्दल घेतलेला निर्णय हा जयपूर, कोलकाता किंवा मँचेस्टरच्या संग्रहालयांसाठी परवाना होत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या घराजवळचा. जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर ते वारले आणि १५५४ मध्ये देह गोव्यात आला. दर दहा वर्षांनी तो खाली आणून लोकांसमोर ठेवतात. अलीकडचं शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. मग मृतदेह दाखवणं मुळातच अनुचित कसं? अनुचित नाहीच, आणि मी तसं म्हणतही नाही. गोव्यात देह दाखवणारे आणि पाहणारे त्याच श्रद्धेचे वारस आहेत, दर्शन हा त्या श्रद्धेचाच भाग आहे, आणि एरवी ती चांदीची पेटी उंचावर बंद असते. इजिप्शियन श्रद्धेत देहाचं दर्शन नव्हतं, पुतळ्याचं होतं. कसोटी एकच, ज्याचा देह त्याच्या परंपरेने काय सांगितलं. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची आचारसंहिताही हेच सांगते की मानवी अवशेष मांडताना ते ज्या समाजाचे आहेत त्याच्या श्रद्धा माहीत असतील तिथे जपाव्यात. इजिप्शियनांच्या श्रद्धा आपल्याला जगातल्या जवळजवळ कुठल्याही प्राचीन समाजापेक्षा अधिक तपशिलात माहीत आहेत. ते लोक सगळं लिहून ठेवत.

'पण तो धर्म मेला, त्याचा दावा करणारा कुणी उरला नाही' हा आक्षेप मला सर्वांत लंगडा वाटतो. ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, त्याच्याशी कसं वागावं यावरच तर आपली पारख होते. आणि आपण देह अग्नीला देणारे लोक असलो, तरी मृताला अन्न पोचवण्याची कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही. दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्या माणसाला 'हजार भाकऱ्या' म्हणणाऱ्याचं मन कळायला हवं.

भारतात ममी आहेत म्हणून हे सगळं बोलायचं. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधली ममी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एशियाटिक सोसायटीकडे आली. हैदराबादच्या राज्य संग्रहालयात निजामाच्या घराण्याने दिलेली ममी आहे. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये तुतू नावाची स्त्री आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसाचं पाणी संग्रहालयात शिरलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काचपेटी फोडून तिला वर उचललं आणि वाचवलं. त्यांनी जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बडोद्याची ममी सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९५ च्या सुमारास आणली. ज्या राजाने आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याने प्रजेला दूरची संस्कृती कळावी म्हणून ती आणली असणार, असं मी मानतो.

या संग्रहालयांनी ममी परत पाठवाव्यात की नाही, हा कायद्याचा आणि दोन देशांच्या सरकारांचा विषय आहे. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. जिथे चेहरा, हात किंवा पाय उघडे पडले असतील तिथे ते लिननने झाकावेत. शवपेटी, मुखवटा, रंगवलेलं आवरण पुढे आणावं, कारण ते पाहण्यासाठीच बनलं होतं. सीटी स्कॅन झाला असेल तर त्याची चित्रं शेजारच्या पडद्यावर दाखवावीत. ममीसोबत सेल्फी काढायला मनाई असावी. ममीच्या शापाच्या गोष्टी मार्गदर्शकांनी सांगू नयेत. तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्वन १९२३ मध्ये डासाच्या चाव्याच्या जंतुसंसर्गाने वारले आणि प्रत्यक्ष थडगं उघडणारा कार्टर १९३९ पर्यंत जगला. निरुपद्रवी मृतांना राक्षस बनवणारी ती कथा मुलांच्या डोक्यात भरण्याची गरज नाही.

आणि पाटी बदलावी. 'ममी, इजिप्त' एवढ्या दोन शब्दांच्या जागी नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर स्त्री की पुरुष आणि कुठल्या काळातली एवढं तरी लिहावं. त्याखाली त्या लोकांची ती विनवणी छापावी, बडोद्याला गुजराती आणि मराठीत, हैदराबादला तेलुगू आणि उर्दूत, कोलकात्याला बंगालीत. शाळेची सहल आली की शिक्षकांनी मुलांकडून ती मोठ्याने म्हणून घ्यावी. याला लागतं एक स्वच्छ कापड, एक नवी पाटी आणि संचालकांची सही. सयाजीरावांचं संग्रहालय आहे म्हणून मला वाटतं, सुरुवात बडोद्याने करावी.